जगबुडीनंतरचा औसा ते नळदुर्ग : किशोर कादंबरीच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी : आखणी

काम असं आहे. १३ ते १६ वयाच्या वाचकांसाठी कादंबरी, साधारण ४५,००० शब्द, २४ प्रकरणं. सगळी व्यवस्था कोसळून पाच वर्षं झालीत आणि तीन मुलं लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका गावातून नळदुर्गकडे निघतात. थोरली रेणुका १५ वर्षांची, अस्लम १३ चा आणि रेणुकाचा धाकटा भाऊ ९ चा. असंच काही लिहायला घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. कथानकापेक्षा वस्तू, मापं आणि अडलेल्या जागा यांवर इथं जास्त भर आहे.

कथेचं वर्ष आधी ठरवा. आम्ही २०३६ धरलं, त्याला कारण गोष्टीतली आजी. तिला १९७२ चा दुष्काळ आठवायला हवा, म्हणजे तेव्हा ती निदान दहा-बारा वर्षांची हवी. २०३६ मध्ये ती ७६ ची होते आणि जात्यावर बसू शकते. वर्ष आणखी दहानं पुढे नेलं असतं, तर दुष्काळात वाटलेली सुकडी, मिलो ज्वारी आणि खडी फोडायची कामं स्वतः पाहिलेलं माणूस गोष्टीत उरलं नसतं. आजीच्या तोंडी एक गोष्ट मुद्दाम ठेवली: ७२ ला खायला नव्हतं, पण विहिरीत हात-दोन हात पाणी सापडायचं. मुलांच्या काळात नेमकं उलट आहे, आणि पहिली सहा प्रकरणं याच फरकावर उभी आहेत.

१४ जानेवारी : कोसळलं कशानं

पहिल्या मसुद्यात सौरवादळ होतं. ते काढलं. सौरवादळाचा मार बसतो लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांना आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरांना. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्विबेकची वीज नऊ तास गेली ती त्यामुळेच. खिशातला मोबाइल त्यात जळत नाही, छपरावरचं सोलर पॅनेलही जळत नाही. शिवाय हा परिणाम ध्रुवांकडे जास्त आणि आपल्याकडे कमी. विज्ञान आवडणारा आठवीतला मुलगा हे पहिल्याच प्रकरणात पकडेल आणि पुढचं काहीच खरं मानणार नाही.

मग ग्रिड बंद पडण्याचा मार्ग पाहिला. जुलै २०१२ मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळलं तेव्हा ६० कोटींहून जास्त लोक अंधारात होते, पण आपलं पश्चिम ग्रिड तगलं आणि बाकीच्यांचीही वीज फार लवकर परत आली. म्हणजे एका झटक्यात सगळं बंद आणि ते कायमचं, हे पटवणं अवघड.

शेवटी एकच एक कारण ठेवलं नाही. लागोपाठ तीन दुष्काळ, डिझेल येणं बंद, टँकर बंद, मग वीज आठवड्यातून एकदा आणि मग तीही नाही. हे सगळं दीड पानात, धाकट्याला जेवढं आठवतं तेवढंच. या वयाच्या वाचकाला कारणाचा खल नको असतो. आता खायचं काय, हे त्याला लगेच हवं असतं.

२ फेब्रुवारी : पाण्याचं वजन

या कामातला सगळ्यात उपयोगी तक्ता हाच. प्रत्येक दिवसासमोर चार रकाने: पिण्याचं पाणी किती, कुठून आणलं, कोणी उचललं, उरलं किती.

मे महिना, ४२-४३ अंश, पहाटे चालून दुपारी सावलीत पडून राहायचं. तरी प्यायलाच माणशी साडेचार लिटर लागतं. तिघांचं साडेतेरा. पुढचं खात्रीचं पाणी दोन दिवसांवर असेल तर २७ लिटर, म्हणजे २७ किलो. रेणुकाचं वजन ४२ किलो धरलंय, अस्लमचं ३५, धाकट्याचं २४. वजनाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त ओझं घेऊन मूल दिवसभर चालू शकत नाही, म्हणजे तिघांचं मिळून जास्तीत जास्त २५ किलो. त्यात धान्य, पातेलं, दोर, अंथरूण हे सगळं आलं. पाणीच बसत नाही.

मसुद्यात तिघं पाठीवर एकेक पिशवी घेऊन निघत होती. तो प्रवास या आकड्यांवर मोडला आणि तिथून सायकल गोष्टीत आली. कॅरिअरला दोन बाजूंना १५ लिटरचे दोन कॅन बांधून सायकल हातानं ढकलायची, चालवायची नाही. पाच वर्षांनी ट्यूबा चिरलेल्या असणार, म्हणून टायरमध्ये चिंध्या दाबून भरल्या. असा टायर दगडी रस्त्यावर चालतो, पण वळणावर रिममधून निसटतो, त्यामुळे दर हातभर अंतरावर सुतळीनं आवळावा लागतो. ब्रेकचे रबर मग सुतळीला अडतात, ते काढून टाकावे लागतात, आणि उतारावर कॅनसकट सायकल मागून ओढून धरावी लागते. तुळजापूरच्या घाटातलं प्रकरण यातून निघालं. ते आधी आखणीत नव्हतं.

पाणी उकळण्याचं गणितही असंच अंगावर आलं. तीन दगडांच्या चुलीवर लिटरभर पाणी उकळायला किलोभर लाकूड धरावं लागतं. तिघांना रोजचं चौदा किलो जळण फक्त पाण्यासाठी. ते गोळा करण्यातच दिवस जातो. म्हणून उन्हाची रीत घेतली: स्वच्छ, पारदर्शक, ओरखडे नसलेल्या एक-दोन लिटरच्या बाटल्या, आडव्या, पत्र्यावर, कडक उन्हात सहा तास. आभाळ असेल तर सलग दोन दिवस. पाणी गढूळ असेल तर हे चालत नाही, आधी तुरटी फिरवून निवळावं आणि चौपदरी सुती कापडातून गाळावं लागतं. उकळलं काय किंवा उन्हात ठेवलं काय, बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड जात नाही. हे एका वाक्यात आजीकडून सांगितलंय.

२० फेब्रुवारी : बोअरमध्ये बादली जात नाही

मसुद्यातलं वाक्य असं होतं: ‘तिनं बादली बोअरमध्ये सोडली आणि थंडगार पाणी वर काढलं.’ शेतकऱ्याच्या घरातलं कुठलंही लेकरू इथं पुस्तक मिटेल. बोअर साडेसहा इंची. त्यात पाणबुडी मोटार अडकवलेली. दोनशे फुटांवर लोखंडी पाइपला टांगलेली मोटार म्हणजे दोनशे किलोच्या वर वजन. तिकाटणं आणि चेनपुली असल्याशिवाय निघत नाही. तीन मुलांचा तो घास नव्हे.

म्हणून बोअर असा निवडला की मोटार आधीच कोणीतरी काढून नेली आहे. खोली १६० फूट, पाणी ११० फुटांवर. पाणी काढायला पीव्हीसीची नळी: तीन इंची, पाच फूट लांब. हिच्यात सहा लिटरच्या आसपास पाणी मावतं. तळाला टोपण, टोपणाला इंचभर भोक, आतून सायकलच्या ट्यूबची चकती. नळी पाण्यात बुडाली की चकती उचलली जाते, वर ओढली की पाण्याच्या भारानं बसते.

तशी नळी करून पाहिली. पाइपचा तुकडा, टोपण, बोल्ट, वायसर आणि ४० मीटर दोर, सगळं हजार रुपयांच्या आत बसलं. जे बिघडलं ते असं. चकती मधोमध खिळ्यानं बसवली तर ती उघडतच नाही. एका कडेला बोल्ट आणि दोन वायसर लावून दाराच्या बिजागरीसारखी बसवावी लागते. ट्यूबचा पातळ तुकडा मुडपतो आणि अर्धं पाणी वाटेत गळतं, म्हणून त्यावर डब्याच्या पत्र्याची लहान चकती चढवली. रिकामी नळी पाण्यावर तिरकी होऊन भिंतीला टेकते आणि भरत नाही. तळाशी लोखंडी नट बांधल्यावर ती सरळ बुडाली. दोर केसिंगच्या धारेवर घासून तुटायला येतो. तिथं टायरचा तुकडा अडकवायचा. भरलेली नळी हातानं वर यायला दीड मिनिट लागतं आणि पाच-सहा खेपांत तळहात सोलतात.

हे सगळं प्रकरणात जसंच्या तसं घातलं नाही. एकच बिघाड निवडला:

‘नळी वर आली तेव्हा दोर ओला होता आणि नळी रिकामी. अस्लमनं तळाची चकती चाचपली. रबराच्या कडेत एक खडा अडकला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. “एवढ्यानं?” तो म्हणाला. रेणुकानं खडा नखानं काढला, खिशात टाकला आणि दोर पुन्हा मोजत सोडायला घेतला. एक वाव. दोन वाव. अठराव्याला दोर सैल पडला.’

दोर वावात, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरच्या लांबीत, मोजणं महत्त्वाचं, कारण अठरा वाव म्हणजे ३३ मीटरच्या जवळपास, आणि पुढच्या बोअरला वीस वाव लागले तर मुलांना आणि वाचकालाही कळतं की पाणी खाली चाललंय. मीटर सांगायची गरज पडत नाही.

एक खबरदारी. वाचक मुलं हे करून पाहतील, हे धरूनच लिहावं. उघडा बोअर लहान लेकराचा जीव घेतो. म्हणून गोष्टीत प्रत्येक वेळी काम झालं की तोंडावर फरशी ठेवली जाते आणि धाकट्याला दहा पावलं लांब बसवलं जातं. कुठलंही प्रकरण यातून सुटलेलं नाही.

६ मार्च : सोलर पंपाचं काय

सगळ्यात मोठं भोक इथं होतं. शिवारात ३, ५ आणि साडेसात अश्वशक्तीचे सौर कृषी पंप आहेत. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली, त्यामुळे २०३६ मध्ये ते आणखी जास्त असणार. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, या पंपाला बॅटरी लागत नाही, ऊन पडलं की पाणी. मग मुलं गाव सोडतातच कशाला?

पंप चोरीला गेले, एवढं म्हणून भागत नाही. सगळेच कसे जातील? उत्तर तीन तुकड्यांत लिहिलं. पहिलं, पंप चालू आहे पण पाणी मोटारीच्या खाली गेलंय. कोरडी मोटार फिरून जळते. दुसरं, पॅनेल टिकलं तरी कंट्रोलर टिकत नाही. वीज पडते, उंदीर केबल कुरतडतात, आणि कंट्रोलर गेला की पॅनेल थेट मोटारीला जोडून उपयोग नसतो. तिसरं, जिथं पंप, कंट्रोलर आणि पाणी तिन्ही शाबूत आहेत, तिथं लोक गोळा झालेत आणि पाणीपाळी ठरवणारा कोणीतरी आहे.

या तिसऱ्यानं कादंबरीतला संघर्षच बदलला. आधी बंदुका घेतलेली टोळी होती. आता आहे पाणीपाळी लिहिणारा एक म्हातारा तलाठी, ज्याच्याकडे वही आहे आणि वहीत मुलांचं नाव नाही. तो दुष्ट नाही. पंप उन्हात नऊ ते चार चालतो, टाकी एवढी, माणसं एवढी. त्याचा हिशोबही बरोबरच आहे. मुलांना तिथं राहता येत नाही याचं कारण वाचकाला खोडता येत नाही, आणि म्हणून ते लागतं. टोळीची तीन प्रकरणं यात वाया गेली, जवळपास साडेपाच हजार शब्द. त्यांच्याबद्दल हळहळ नाही.

पेट्रोलचा मुद्दा एका ओळीत. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरतं आणि काही महिन्यांत कामातून जातं. पाच वर्षांनी मोटारसायकल सुरू करणारा नायक नको.

२२ मार्च : धान्य

मसुद्यात मुलं घराच्या परसात ज्वारी पेरतात आणि वर्षभर खातात. हे धरून पाहा. तिघांना रोज एक किलो तीनशे ग्रॅम ज्वारी. वर्षाची पावणेपाच क्विंटल. कोरडवाहू रब्बी ज्वारी चांगल्या साली एकरी चार-पाच क्विंटल देते. म्हणजे परस नाही, पुरा एकर. बैल नाहीत, तिफण ओढायला कोणी नाही, म्हणून खुरप्यानं टोकण: दोन ओळींत दीड फूट, दोन दाण्यांत अर्धा फूट. एकराला साठ हजार भोकं. मिनिटाला दहा केली तरी शंभर तासांचं वाकणं. ते जमलं तर पुढं पाखरं. दाणा दुधात आल्यापासून टणक होईपर्यंत माळ्यावर कोणीतरी गोफण घेऊन बसलंच पाहिजे, आणि रात्री रानडुकरं. आता ते शेत गोष्टीच्या सुरुवातीला आहे आणि ते हातचं जातं. मुलं बाहेर पडण्याचं ते दुसरं कारण.

कोवळ्या ज्वारीचाही उपयोग झाला. पावसाच्या ताणात खुरटलेली पोटरीच्या आधीची ज्वारी शेळीनं खाल्ली तर किराळ लागते, जनावर तासाभरात आडवं होतं. धाकट्याची शेळी अशी जाते. वाचकाला आधी सूचना हवी, म्हणून दोन प्रकरणं अगोदर आजी शेळीला धुऱ्यावरून हाकलते.

वाटेतली शिदोरी. ज्वारीचं पीठ दळून नेता येत नाही, आठ-दहा दिवसांत विरी जाते आणि भाकरी थापता येत नाही. जातं पाठीवर नेता येत नाही. घुगऱ्या शिजवायला रात्रभर भिजत घालणं आणि भरपूर जळण. यातून मार्ग कडक भाकरीचा. लातूर-धाराशिव-सोलापूर पट्ट्यात ती घरोघरी ठाऊक आहे. पातळ थापायची, दोन्हीकडून भाजायची, मग विस्तवाजवळ उभी करून पूर्ण वाळवायची. ओल राहिली नाही तर आठवडेच्या आठवडे टिकते. सोबत शेंगाचटणी आणि लाह्या. मीठ मात्र मोजून. आपल्याकडे मिठाचा उगम नाही, ते किनाऱ्यावरून येतं. लोणारचं खारं पाणी किनाऱ्यापेक्षा जवळ आहे म्हणून तिथून मीठ आणायचा मोह होईल, पण त्या पाण्यात सोडा भरपूर, ते जेवणातलं मीठ नव्हे.

सोयाबीन. गोदामात पोत्यांची थप्पी सापडली की पोटाचा प्रश्न सुटला, असं लिहू नका. कच्ची सोयाबीन पचत नाही. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, चांगली शिजवावी लागते. आणि गुलाबी किंवा निळा रंग चढवलेलं बियाणं औषध लावलेलं असतं, ते खायचं नसतंच. तो रंग गोष्टीत स्पष्ट दाखवलाय.

पेव. जुन्या वाड्यातलं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा, उघडणं हा या कादंबरीतला सगळ्यात आवडता प्रसंग, आणि पहिल्या मसुद्यात सगळ्यात धोकादायक. झाकण काढलं, दोरानं उतरला, हातात ज्वारी. प्रत्यक्षात बंद पेवात प्राणवायू नसतो, उतरलेला माणूस आवाज न करता खाली बसतो आणि त्याला काढायला उतरलेलाही तसाच. आता आजी झाकण काढून दिवसभर तोंड उघडं ठेवायला लावते. संध्याकाळी कंदील दोरानं सोडतात. तो अर्ध्यावर विझतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कंदील तळापर्यंत पेटता राहिला, तरी अस्लम उतरतो तो कंबरेला दोर बांधून, वर दोघं दोर धरून, आणि तो सारखा मोठ्यानं आकडे मोजतो. आकडे थांबले की ओढायचं. कडेचा धान्याचा थर काळा, कुबट. मधली ज्वारी खाण्याजोगी. तिचं बियाणं होईल का, हे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहतात. पाचव्या दिवशी उलगडतात तेव्हा सात उगवलेले. पेरायला निरुपयोगी. हा आकडा वाचकाला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगतो.

११ एप्रिल : विस्तव

काड्यापेट्या पाच वर्षांत संपल्या किंवा सादळल्या. माळावरची गारगोटी आणि मोडकी कानस यांची ठिणगी पडते, पण ती धरायला जळका कपडा लागतो. झाकणाला बारीक भोक असलेल्या डबीत सुती कापडाचे तुकडे घालून डबी विस्तवात ठेवायची; भोकातून धूर थांबला की काढायची आणि गार होईपर्यंत उघडायची नाही. टेरिकॉटचा तुकडा वितळून गोळा होतो. कापड शंभर टक्के सुती हवं, म्हणून आजोबांचं धोतर. जळण म्हणून तुराट्या लवकर पेटतात, पऱ्हाट्या टिकून जळतात, कडबा नुसता भडकून विझतो.

२ मे : वाट आणि चंद्र

औसा ते तुळजापूर रस्त्यानं साधारण ५५ ते ६० किलोमीटर, पुढं नळदुर्ग तीसेक. मसुद्यात हे सगळं चार दिवसांत होतं. सायकल ढकलत, धाकट्यासह, पहाटे चार ते नऊ आणि मावळतीनंतर तासभर, एवढ्यात दहा-बारा किलोमीटरच्या वर जात नाही. पाणी काढण्याचे आणि बाटल्या उन्हात ठेवण्याचे दिवस वेगळे. आता प्रवास सतरा दिवसांचा आहे.

चंद्राकडे दुर्लक्ष झालं होतं. एका रात्री टिपूर चांदणं आणि तीन दिवसांनी गुडूप अंधार. चालू वर्षाचं पंचांग घेतलं आणि वैशाखाच्या तिथी प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर पेन्सिलीनं लिहिल्या. पहाटे चालायचं तर वद्य पक्ष हवा, कारण पौर्णिमेनंतर चंद्र उशिरा उगवतो आणि पहाटे डोक्यावर असतो. शुद्ध पक्षात तो संध्याकाळी मिळतो आणि पहाटे नसतो. त्यामुळे निघण्याचा दिवस पौर्णिमेनंतरचा ठरला, आणि दोन पाठलाग संध्याकाळवरून पहाटेवर गेले.

वळीव पडला की गोष्ट बदलते. काळ्या रानातला गाडीरस्ता ओला झाला की चिखल मडगार्डमध्ये भरून चाक फिरत नाही. मडगार्ड काढून फेकून द्यावं लागतं. पडीक शिवारही नीट लिहा: पाच वर्षांत तिथं घनदाट जंगल होत नाही. गाजरगवत, वेडी बाभूळ, बोरी, बांधावरची कडुनिंबं मोठी झालेली. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो, म्हणून तळाला टायरचा तुकडा.

१९ जून : मुलांसमोर वाचन

आठवी-नववीच्या एका वर्गासमोर पहिली नऊ प्रकरणं वाचली. प्रती १४ पॉइंटमध्ये, पाठपोट झेरॉक्स, स्पायरल. एक प्रत दोनशे रुपयांच्या आसपास पडली. प्रत्येक प्रतीत मुलांनी कंटाळा आला तिथं समासात फुली मारायची होती.

फुल्या जवळपास सगळ्या ओसाड गावांच्या वर्णनावर. तीन परिच्छेद होते, एक ठेवला. त्याचाही विषय आता शाळेच्या फळ्यावर राहिलेला शेवटचा सुविचार आणि तारीख एवढाच.

एका मुलीनं चिठ्ठीवर विचारलं होतं: ताईला पाळी येत नाही का? सतरा दिवसांचा प्रवास, १५ वर्षांची मुलगी, आणि मसुद्यात त्याचा शब्दही नव्हता. आता आहे. जुन्या लुगड्याच्या घड्या, धुवायला लागणारं पाणी तक्त्यात वेगळं दोन लिटर, आणि कापड लपवून सावलीत न वाळवता कडक उन्हात वाळवायचं, हे आजीनं आधी बजावलेलं. अस्लम काहीही न विचारता त्या दिवशी सायकल एकटा ढकलतो. एवढंच. या पानांना एकही फुली आली नाही.

आणखी एक निर्णय याच वाचनातून. एका प्रकरणात औषधाचा डबा आणि एका मोठ्या माणसाचा मृत्यू होता. तो प्रसंग पूर्ण काढला. आपल्या वर्गांत अशी मुलं बसलेली असतात ज्यांच्या घरात हे घडलंय. धक्का देण्यासाठी ते वापरणं योग्य नाही, आणि गोष्टीचं त्यावाचून काही अडतही नव्हतं.

जुलाब आणि साप मात्र ठेवले. जलसंजीवनी म्हणून लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. हे माप छपाईत चुकता कामा नये, मुद्रितशोधनाच्या यादीत पहिलं तेच. सापाच्या प्रकरणात चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही नाही. मण्यार रात्री झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही, म्हणून मुलं जमिनीवर न झोपता बैलगाडीच्या साट्यावर झोपतात.

८ जुलै : किल्लारी

वाट औशाच्या दक्षिणेला वळवून जुन्या किल्लारीच्या ओसाड जागेत एक भीतीची रात्र लिहिली होती. ती काढली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, तिथं भूकंपात माणसं झोपेत गेली. वाचकांच्या आजी-आजोबांची ती माणसं. त्या जागेचा भुताटकीसाठी वापर नको.

त्या भूकंपानं शिकवलेली गोष्ट मात्र घेतली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, हीच घरं कोसळली. पाच वर्षं कोणी न लिंपलेलं माळवद पावसात पाणी पिऊन आणखी जड होतं. पोट सुटलेली भिंत दिसली की मुलं त्या घरात शिरत नाहीत, कितीही पाऊस असो. आजीनं याचं कारण एका वाक्यात सांगितलंय, आणि ते सांगताना ती दुसरीकडे बघते.

३० जुलै : बोली

निवेदन प्रमाण मराठीत, संवाद लातूरकडचे. ‘काय करू लालास तिथं? इकडं ये की.’ असं. अस्लम घरच्या माणसांशी दखनीत बोलतो आणि रेणुकाशी मराठीत. सगळ्यांच्या तोंडी सारखीच ठसकेबाज बोली घातली की ती नाटकी होते, म्हणून तलाठी कागदी भाषेत बोलतो. धाकटा ‘ताई’ म्हणतो, अस्लम ‘रेणे’. आजीला तिघंही ‘माय’ म्हणतात.

२१ ऑगस्ट : नळदुर्ग

शेवट नळदुर्गला का, याचं उत्तर असं: मोटार, दरवाजे आणि माणूस यांच्याशिवाय पाणी अडवणारी जागा हवी होती. जायकवाडीचा विचार झाला. मृतसाठाच २६ टीएमसी, म्हणजे पाणी भरपूर. पण २७ दरवाजे चालवायला वीज आणि माणसं लागतात, पूर आला आणि दरवाजे अडकले तर काय, याचं खात्रीचं उत्तर इंजिनिअरकडूनच हवं, आणि औशाहून ते फार लांब. कोल्हापुरी बंधाऱ्यांचंही तेच. पावसाळ्याआधी फळ्या काढल्या नाहीत तर पाणी बाजूची माती कापून निघून जातं. एका प्रकरणात मुलांना असाच बाजूनं फुटलेला बंधारा लागतो.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीतला दगडी बंधारा आहे, त्याच्याच पोटात पाणीमहाल. पाणी जास्त झालं की नर-मादी धबधब्यांवरून आपोआप बाहेर पडतं. कोणी दरवाजा उघडायचा नाही, बंद करायचा नाही. चारशे वर्षं हे असंच चाललंय.

पहिल्या मसुद्यात मुलं पोचतात तेव्हा धबधबा कोसळत असतो. वैशाख वद्यात निघून सतरा दिवसांनी पोचलं तर ज्येष्ठ लागलेला असतो, धबधबा कोरडा. साठा उतरलेला, काठाला गाळ, जनावरं पाण्यात. आणि आधीच आलेली माणसं. त्यांच्याकडेही वही आहे. फरक एवढाच की इथं रेणुकाला पाणी काढण्याची नळी बनवता येते, अस्लमला ती दुरुस्त करता येते, आणि किल्ल्याबाहेरच्या तीन बोअरमध्ये मोटार नाही. वहीत नाव लागतं ते कामाच्या बदल्यात.

उरलेलं काम. प्रकरण १७ मधल्या वळवात सायकलचं मडगार्ड दोनदा काढलं जातं, एक काढायचं. प्रकरण २१ मध्ये बाटल्या उन्हात ठेवल्यात पण त्या दिवशी आभाळ आहे, तिथं दुसरा दिवस वाढवायचा आणि पाण्याचा तक्ता तिथून पुढं नव्यानं मांडायचा. दोराची मापं शेवटपर्यंत वावातच ठेवायची. प्रकरण १९ मध्ये एका जागी ‘फूट’ राहून गेलंय.